काचीगुड्यात राहून डीएनए तोडला

मी हैदराबादला कशाला गेले होते ते आधीच सांगून टाकते, कारण परत आल्यापासून जो भेटतो तो बिर्याणीचं विचारतो. मी गेले होते डीएनए तोडायला. इलेक्ट्रॉन आपटून.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील देगलूरला मोटारी भरतात, म्हणजे जळालेल्या पंपाची तार काढून नवी गुंडाळतात. ते सातवी शिकले, आई चौथी. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आता नांदेडला पीएच.डी.चं काम करते. हे सांगायला मला आवडतं, म्हणून सांगितलं.

आता काम. डीएनए ही अक्षरांची माळ. तिच्या कण्यावर जागोजागी ऋण विद्युतभार बसलेला असतो. इलेक्ट्रॉनही ऋणच. सारखे भार एकमेकांना लोटतात हे आपण शाळेत शिकतो. मग इलेक्ट्रॉन अशा माळेपर्यंत पोचतो कसा आणि तिला तोडतो कसा? हळू आलेला लांबूनच वळून जातो. जोरात आलेला आत घुसतो, माळेतला एखादा इलेक्ट्रॉन उडवतो आणि मग तिचा कणा तुटतो. माझं म्हणणं असं होतं की माळेवर भार जितके जास्त, तितका तोडायला जोर जास्त लागणार. असं काम आधी झालेलं आहे, मी काही पहिली नाही. पण मी निवडलेल्या बारा अक्षरांच्या माळेवर ते कोणी केलेलं नव्हतं.

हे मोजायचं यंत्र नांदेडला नाही. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत आहे आणि तिथे आम्हाला सोमवार ते गुरुवार दुपार एवढा वेळ मिळाला होता. निघताना माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "भाराप्रमाणे जोर वाढतो की नाही, एवढं दाखवणारा आलेख आण. आणलास तर हाच विषय. नाही आला तर पुढच्या आठवड्यात समितीपुढे विषय बदलून घेऊ. कागदावर होण्यासारखा एखादा बघू."

दोन वर्षं मी या माळेवर घालवली होती. कागदावर होण्यासारखा विषय मला नको होता.

सोमवार, काचीगुडा

राहायची सोय सरांच्या ओळखीने दिगंबरराव जाधवांकडे झाली. हेच त्या यंत्राचे तंत्रज्ञ. घर स्टेशनच्या मागच्या गल्लीत. मूळ गाव उदगीरकडचं. आजोबा निजामाच्या काळात इकडे आले, शेती भावांकडे राहिली आणि हे लोक नोकरीत रमले. घरात मराठी बोलतात, पण तिच्यात दखनी आणि तेलुगू अशी मिसळलीय की पहिल्या दिवशी मला प्रत्येक गोष्ट दोनदा विचारून घ्यावी लागली. आमच्या देगलूरला तेलुगू कानावर असते, त्यामुळे परकं मात्र वाटलं नाही.

दार उघडलं ते वत्सलाकाकूंनी, जाधवकाकांच्या पत्नीने. "आलीस? हातपाय धू. प्रवासाचं नंतर सांग, पेसरट्टू गार होतोय."

पेसरट्टू म्हणजे हिरव्या मुगाचा डोसा, वर बारीक आलं आणि कांदा. मी म्हटलं, "आमच्याकडे याला धिरडं म्हणतात."

काका पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "धिरडं नक्को म्हणूस बेटा. आंध्रावाल्या शेजारणीनं ऐकलं तर उद्यापासून चटणी बंद होते आमची."

काकांच्या स्कूटरवर मागे बसून प्रयोगशाळेत गेले. वाटेत कोटीच्या चौकात ते तीन भाषांत तीन लोकांवर ओरडले, आणि प्रत्येकाने त्यांना त्याच्याच भाषेत उत्तर दिलं. फाटकातून आत शिरताना त्यांनी स्कूटर थांबवली. "आता इथून पुढे तुम्ही मॅडम. घरी बेटा. मिसळायचं नाही. इथे सगळे पोरं बघतात."

यंत्राच्या खोलीबाहेर एक वेताची टोपली. आत जायच्या आधी लोखंडाचं सगळं तिच्यात टाकायचं, कारण आत माणसाच्या उंचीचं चुंबक. मी घड्याळ काढलं, किल्ल्या काढल्या. काका हलले नाहीत. "पिना?" केसांतल्या चार काढल्या. "ओढणीची?" तीही काढली. "बायकांच्या अंगावर किती लोखंड असतं ते मी तीस वर्षं बघतोय," म्हणाले, "एकीच्या चपलेतून खिळा निघाला होता." पुढचे चार दिवस मी सुटे केस सावरत विज्ञान केलं.

यंत्र कसं चालतं ते थोडक्यात सांगते. माळेचं द्रावण बारीक सुईतून फवारतात. थेंब वाळतात आणि भार असलेल्या माळा मोकळ्या होऊन निर्वातात शिरतात. चुंबकाच्या पोटात त्या अडकून राहतात. त्यातल्या हव्या तेवढ्या भाराच्याच ठेवायच्या, बाकीच्या हाकलायच्या. मग तापलेल्या तारेतून सुटलेले इलेक्ट्रॉन त्यांच्यावर सोडायचे, कमी जोरापासून सुरू करून हळूहळू वाढवत. कुठल्या जोराला तुकडे दिसू लागतात ते टिपायचं.

म्हणजे आधी पडद्यावर आख्ख्या माळा दिसायला हव्यात. तीन भारांच्या माळेची एक उभी रेघ, चारची एक, पाचची एक. माझा नमुना घातला आणि पडद्यावर रेघांच्या जागी कंगवे उभे राहिले. एकेका रेघेच्या जागी सात-आठ बुटक्या रेघा, शेजारी शेजारी. अशातून एक भार वेगळा काढणं शक्यच नव्हतं. सुई बदलली, दाब बदलला, तापमान वाढवलं. कंगवे तसेच.

चार वाजेपर्यंत माझा धीर सुटला. मी म्हणाले, "काका, तुमचं मशीन जुनं झालंय. चुंबक स्थिर नाही राहिलेलं. आम्हाला आधी सांगायला हवं होतं."

काकांनी चष्मा काढून पुसला. "बरं मॅडम," म्हणाले.

रात्रीच्या जेवणात ज्वारीची भाकरी, गोंगुऱ्याची पचडी आणि आंबट वरण. गोंगुरा म्हणजे आपली अंबाडी. आम्ही तिची भाजी करतो, वरून लसणाची फोडणी. हे लोक तेलात परतून लाल मिरचीसकट वाटतात आणि बरणीत भरून ठेवतात. मला त्यांची जास्त आवडली, आईला सांगितलेलं नाही. मी दुसरी भाकरी मागितली तेव्हा काका काकूंना म्हणाले, "मॅडमला वाढ."

काकू थांबल्या. "घरात कुठली मॅडम आली?"

"मोठ्या आहेत त्या. मशीनची तब्येत लांबूनच ओळखतात."

"कायकू छळता हो पोरीला?" काकू म्हणाल्या आणि भाकरीवर चमचाभर तूप जास्त घातलं. काका ताटात बघत जेवत राहिले. तुपाने माझा घास उतरला, पण तो शब्द काही उतरला नाही.

मंगळवार, सोडा

सकाळी खोलीत शिरल्या शिरल्या काकांनी कपाटातून सीलबंद पाकीट काढलं, त्यातली नवी प्लास्टिकची नळी घेतली, तिच्यात त्यांचा तपासणीचा नमुना भरला. तोही डीएनएच, त्यांच्याकडे कायम ठेवलेला. "आधी मशीनची नाडी बघू, मॅडम."

पडद्यावर चार रेघा आल्या. सरळ, बारीक, सुईसारख्या. एकही कंगवा नाही.

यंत्र ठणठणीत होतं. मी खुर्चीत बसले आणि माझ्या नमुन्याची नळी हातात घेऊन बघत राहिले. खिडकीकडे धरली तेव्हा काठावर आतून पांढुरका पातळ थर दिसला.

आमच्याकडे या नळ्या एकदा वापरून कोणी टाकत नाही. धुऊन परत वापरतात, वर्षानुवर्षं. प्रयोगशाळेतल्या बाई त्या धुण्याच्या सोड्याने धुतात आणि शेवटी ऊर्ध्वपातित पाणी फिरवतात. हैदराबादला न्यायच्या म्हणून या वेळी मी त्यांच्या हातून काढून घेतल्या आणि स्वतः धुतल्या. एकदा नाही, दोनदा, सोड्याचं पाणी घट्ट करून. पांढऱ्या धोतराच्या फडक्यावर उन्हात वाळवल्या. आपल्याकडून गबाळं काही जायला नको, मोठ्या ठिकाणी नाव जायला नको, एवढंच डोक्यात होतं. कंपनीतून आलेली माळेची पावडर त्यांच्यात विरघळवली आणि डबा छातीशी धरून गाडीत बसले.

धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम. आणि ऋणभारित माळेला सोडियम चिकटायला फार आवडतं. कुठल्या माळेला एक चिकटला, कुठल्या माळेला दोन, कुठल्या माळेला आठ. प्रत्येकीचं वजन वेगळं, म्हणून प्रत्येकीची रेघ वेगळी. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पुस्तकात वाचलेलं होतं. पुस्तकातलं सोडियम आणि आमच्या मोरीवरचा सोडा यांची गाठ मात्र माझ्या डोक्यात कधी पडली नव्हती.

अर्धा तास मी दुसरं काही कारण निघतंय का ते शोधत होते, खरं सांगते. निघालं नाही. मग उठले आणि काकांपुढे नळी धरली.

"काका, मशीन बरोबर आहे. माझ्या नळ्या सोड्यात धुतलेल्या आहेत. मी धुतल्यात. काल जे बोलले ते चुकीचं बोलले."

त्यांनी नळी उजेडात धरली. मग हसायला लागले, इतके की खोकला आला. "सोड्यात? दोनदा?"

"हसा. हसण्यासारखंच आहे."

"अगं, मी नवीन लागलो तेव्हा आम्ही बी धुत होतो. मी तर वर चुलीच्या राखेनं घासली होती काचेची नळी. आमच्या अम्मीनं शिकवलेलं, राखेनं चकाचक होतं म्हणून. तेव्हाचे साहेब तीन दिवस मशीन उघडून बसले होते." डोळे पुसले त्यांनी. "राखेचं मी कोणाला सांगितलं नव्हतं, बेटा. आज तुलाच."

खोलीत आणखी दोन विद्यार्थी बसले होते. बेटा म्हटलेलं त्यांनी ऐकलं. काकांनी ऐकू दिलं.

आता पुढे काय, ते ठरवायचं होतं. धुतलेल्या नळ्यांतला माल साफ करता आला असता, पण अर्धा वाया गेला असता आणि उरलेल्याचा भरवसा नव्हता. माझ्याजवळ कंपनीची एक न उघडलेली नळी होती, आत कोरडी पावडर. पुढच्या वर्षाच्या कामासाठी सरांनी ठेवायला सांगितलेली. काका म्हणाले, "सरांना फोन लाव."

"लावला तर ते विचार करून उद्या सांगतो म्हणतील. उद्या उशीर होईल. मी उघडते."

"बघ. मग ती जबाबदारी तुझी."

"माझीच आहे."

नव्या नळीत, शुद्ध पाण्यात ती विरघळवली. अमोनियम ॲसिटेट घातलं. यात सोडियमच्या जागा अमोनियम घेतो, आणि तो फवाऱ्यात गरम झाला की उडून जातो, माळ मोकळी राहते. वर थंड अल्कोहोल ओतून नळी फ्रीजरमध्ये ठेवली. सकाळपर्यंत माळा तळाशी बसायला हव्यात. तोवर करण्यासारखं काही नव्हतं.

संध्याकाळी काकूंबरोबर अफझलगंजला गेले. त्यांना मिरच्या आणि चिंच हवी होती. दुकानदार तेलुगू, काकू उर्दूत भाव करत होत्या, मधेच माझ्याकडे वळून मराठीत म्हणायच्या, "बियांची चिंच देतोय बघ, आंधळी समजतो मला." आमच्याकडे दुकानात आधी वस्तू बघतात, मग भाव विचारतात. इथे आधी घरच्यांची खुशाली विचारली, दुकानदाराच्या मुलीचं बाळंतपण झालं का ते विचारलं, आणि मग कुठे चिंचेवर भांडण. भांडणही पूर्ण करायचं, अर्ध्यात सोडलं तर अपमान. परतताना काकू म्हणाल्या, "तुझी ती नळी उद्या नाही निघाली नीट, तर काय करतील तुला?"

"विषय बदलतील."

"आणि तू?"

"मी आहे तशीच राहीन. पण मला हेच करायचंय, काकू."

"मग हेच कर," त्या म्हणाल्या आणि चिंचेची पिशवी माझ्या हातात दिली.

बुधवार, तुकडे

सकाळी नळी फिरकीयंत्रात घालून गरगर फिरवली. तळाशी पांढरा ठिपका बसला होता, टाचणीच्या डोक्याएवढा. तो परत विरघळवला आणि फवारला.

रेघा आल्या. तीन, चार, पाच, सहा भारांच्या, चार सुट्या रेघा. काकांनी टेबलावर हात आपटला. मी फक्त "हं" म्हणाले, कारण खरं काम अजून व्हायचं होतं.

आधी तीन भारांची माळ ठेवली आणि इलेक्ट्रॉनचा जोर वाढवत नेला. कमी जोराला काही नाही. आणखी थोडा, तरी काही नाही. हळू इलेक्ट्रॉन येत होते आणि माळेच्या भाराला बिचकून परत फिरत होते. मग एका जागी मुख्य रेघेच्या बाजूला बारीक रेघ उगवली. जोर वाढवला तशी तीही वाढली, शेजारी दुसरी आली. तुकडे होते ते. कणा तुटला होता. तुटताना कोणी बघू शकत नाही, तुकड्यांची वजनं करून तुटणं कळतं. पण ती पहिली बारीक रेघ बघताना मला आतून जे वाटलं ते मी कोणाकडून उसनं घेतलेलं नव्हतं.

चार भारांच्या माळेला जास्त जोर लागला. जसं म्हटलं होतं तसं.

आणि मग पाच. पाचची माळ चारच्या जवळजवळ त्याच जोराला तुटली. आलेखाची चढती रेघ चारपर्यंत चढली आणि पाचला आडवी झाली.

मोजताना मधेच सुईने थुंकल्यासारखं केलं होतं, दोनदा फवारा तुटला होता, आणि तार नुकतीच बदललेली, ती स्थिरावली नव्हती. कारणं होती. पण मनासारखं न आलं की कारणं सुचतातच, हेही मला कळत होतं.

गुरुवार, दुपारपर्यंत

नमुना उरला होता एका मोजणीपुरता. वेळही तेवढाच, बारा वाजता पुढची मंडळी येणार होती.

काका म्हणाले, "सहा मोज. आलेखावर नवा ठिपका मिळेल. तीन, चार, सहा असे चढते आले तर पाचचं कोण विचारतं? सुई थुंकली म्हणून सोडून दे."

मलाही तेच करावंसं वाटत होतं. सहाची रेघ पडद्यावर चांगली उंच होती. पण समितीत कोणी विचारलं, पाच का गाळला, तर मी काय सांगणार होते? सुई थुंकली म्हणून? सुई थुंकली हे मला पाच आडवा आला म्हणूनच महत्त्वाचं वाटत होतं. चढता आला असता तर मी थुंकण्याकडे बघितलंही नसतं.

"पाचच परत मोजू," मी म्हणाले.

"आणि परत तिथेच आला तर? जे म्हणतेस ते गेलं. विषय गेला."

"तर गेला."

"आणि वर आला तर लोक म्हणतील, आवडेपर्यंत मोजत बसली."

"दोनदाच मोजलं असं लिहीन. दोन्ही ठिपके दाखवीन, कालचाही. सुईचं आणि तारेचंही लिहीन."

काकांनी नवी सुई काढली, तार तापवून ठेवली आणि घड्याळ लावून अर्धा तास तिला हात लावू दिला नाही. मी दोनदा उठले, दोनदा त्यांनी बोटाने बसवलं. अर्ध्या तासानंतर म्हणाले, "आता. आरामसे."

जोर वाढवत नेला. चार भारांची माळ जिथे तुटली होती ती जागा आली. पडद्यावर एकच रेघ, बाजूला काही नाही. पुढची पायरी. काही नाही. आणखी एक. काही नाही. मी श्वास धरलाय हे काकांनीच सांगितलं. त्याच्या पुढच्या पायरीला बारीक रेघ उगवली.

चारच्या वर. फार वर नाही. मी मनात आखली होती तितकी सरळ रेघ झाली नाही, थोडी वाकली. पण चढती होती. काकांनी नोंद छापून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "वाकडी आहे म्हणून खरी वाटते." बारा वाजून पाच मिनिटं झाली होती, दारात पुढची मंडळी टोपलीत किल्ल्या टाकत उभी होती.

नांदेड

पुढच्या आठवड्यात समिती बसली. सरांना मी न उघडलेली नळी उघडल्याचं परतल्यावर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते दोन दिवस माझ्याशी तुटक बोलले, ते माझ्या वाट्याचं होतं. आलेख टेबलावर ठेवला. तीनला एक ठिपका, चारला एक, पाचला दोन.

बाहेरून आलेल्या एका मॅडमनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "पाचला दोन कशाला? यातला खरा कोणता मानायचा?"

"वरचा मानते. खालचा मोजताना तार स्थिरावलेली नव्हती आणि फवारा दोनदा तुटला. पण तो मोजलेला आहे, म्हणून ठेवलाय. आणि नमुना संपला म्हणून सहा राहिला."

"सहा मोजला असता तर आलेख जास्त बरा दिसला असता."

"दिसला असता," मी म्हणाले. "पण पाचचं उत्तर माझ्याकडे नसतं."

त्यांनी कागद जवळ ओढला, पट्टी ठेवून ठिपके बघितले, आणि शेजारच्यांशी हळू काही बोलल्या. मला बाहेर थांबायला सांगितलं. दहा मिनिटांनी सर बाहेर आले आणि शेऱ्याचा कागद माझ्या हातात दिला. त्यावर लिहिलं होतं, विषय कायम.

मी तो उभ्या उभ्या दोनदा वाचला. मग विचारलं, "सर, सहाच्या मोजणीसाठी हैदराबादला पत्र आज टाकू की उद्या?"

"आज," सर म्हणाले.